बायोडाट्यातला एक शब्द

बुवापाडा, अंबरनाथ
१ जानेवारी २००३

चि. यशोधरा हिस बाबांचे अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

वि. वि. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. तुझ्या आश्रमशाळेत फोन आहे, पण त्याचा मला काय उपयोग? तीस वर्षं पॉवर प्रेसशेजारी काढली, कान कारखान्यातच ठेवून रिटायर झालो. आपला कागदच बरा.

पत्रास कारण, दिनानाथमामांनी तुझ्यासाठी बदलापूरचं स्थळ आणलंय. मुलगा आनंदनगरला केमिकल कंपनीत ऑफिसर आहे, स्वतःचा फ्लॅट आहे. दोन फेब्रुवारीला, रविवारी, ते तुला बघायला येणार. त्यांना बायोडाटा इंग्रजीत हवाय. म्हणून काल उल्हासनगरला टायपिंगवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे नमुना तयारच होता, मुलगी अट्रॅक्टिव्ह अँड चार्मिंग. मी विचारलं, दोन्हींत फरक काय? त्यानं कागदावर लिहून दिलं, चाचा, सेम टू सेम.

मला काही पटलं नाही. आमच्या टूलरूममध्ये केसाएवढा फरक मोजायलाही वेगळं गेज असायचं. मग एकाच कामाला इंग्रज दोन शब्द कशाला बाळगतील? तू इंग्रजीची बाई, तूच सांग. डिक्शनरीतलं नको, जिवंत माणसाचं उदाहरण दे. तसं असलं की माझ्या डोक्यात बसतं.

थंडीत स्वेटर घालत जा. आईचा पापा.

तुझा,
बाबा


जव्हार
५ जानेवारी २००३

ती. बाबांना यशोधरेचा सविनय जय भीम.

पत्र पोचलं. स्थळाबद्दल मी काय लिहू? तुम्ही बघताय म्हणजे चांगलंच असेल.

पण तुमचा प्रश्न फार आवडला. सेम टू सेम अजिबात नाही. अट्रॅक्टिव्ह म्हणजे लांबूनच नजर ओढून घेणारं. आमचे हेडमास्तर सफारी घालून मैदानात उभे राहिले की अट्रॅक्टिव्ह दिसतात. जवळ जाऊन बोललं की संपलं.

चार्मिंग लांबून कळत नाही. आमच्याकडे महेंद्र सर म्हणून विज्ञानाचे शिक्षणसेवक आहेत. दिसायला साधे, आणि बोलताना अडखळतात. ‘प’वर तर गाडी हमखास अडते. मग ते स्वतःच हसतात आणि मुलं शांतपणे थांबतात. त्यांच्याशी पाच मिनिटं बोललं की आपणही बरे आहोत असं आपल्यालाच वाटायला लागतं. चार्मिंग म्हणजे हे. मात्र गोडबोल्या माणसालाही चार्मिंग म्हणतात, तेव्हा त्यात चिमूटभर संशय असतो.

आईला म्हणावं, लोणचं संपलं. तुमची आठवण येते.

तुमची,
यशू


बुवापाडा
९ जानेवारी २००३

चि. यशूस आशीर्वाद.

तुझा चिमूटभर संशय मी लगेच तपासून पाहिला. आईबरोबर उल्हासनगरच्या मार्केटात गेलो. तुला त्या दिवशी नेसायला साडी हवी ना. सिंधी दुकानदार गादीवरून असा हसला आणि असा हात जोडून वाकला की एक साडी घ्यायला गेलेली तुझी आई दोन घेऊन बाहेर पडली. मला त्याचं एक अक्षर ऐकू आलं नाही, म्हणून मी शुद्धीवर होतो. तो चार्मिंग, संशयासकट. बरोबर का?

आता डिक्शनरी उघडली तर या शब्दांचं खटलं केवढं मोठं! अल्युअरिंग, फॅसिनेटिंग, एन्चांटिंग. एक नीट समजावा म्हणून बघावं तर बाजूला त्याचा भाऊ उभा. आई म्हणते, साठी आली आणि हे कसले शब्द घोकताय. पण संध्याकाळी हळूच खुणेनं विचारलं, यातली मी कुठली? मी सांगितलं, यशूचं पत्र आल्यावर बघू. तेव्हापासून घरात चहा फिका मिळतोय, तरी लवकर लिही.

बाबा


जव्हार
१३ जानेवारी २००३

ती. बाबांना जय भीम.

दुकानदार बरोबर ओळखलात. शंभरपैकी शंभर.

अल्युअरिंग म्हणजे थोडं दाखवून बाकीचं राखून ठेवणारं, या म्हणजे पुढे आणखी आहे असं सुचवणारं. बायोडाट्यात हा शब्द चुकूनही नको!

फॅसिनेटिंगला सुंदर असावं लागत नाही. मन त्यात अडकतं आणि सुटता सुटत नाही, एवढंच. परवा महेंद्र सरांनी खिडकीतलं कुंभारमाशीचं मातीचं घर मला दाखवलं. ती चिखलाचा गोळा कसा आणते, तोंड कसं लिंपते. मी वह्या तपासायला निघाले होते आणि अर्धा तास तिथेच उभी होते.

एन्चांटिंग त्याच्याही पुढचं. आजूबाजूचं सगळंच बदलून जातं. सकाळी परिपाठाला सर मुलांबरोबर गातात. बाबा, गाताना ते एकदाही अडखळत नाहीत. तीच पत्र्याची शाळा, तीच धूळ, पण तेवढा वेळ ती जागा वेगळीच होते.

वाचून तुम्हाला हसू येईल. बायोडाट्यात मात्र यातलं काहीच लिहू नका. मी यातली कुठलीच नाही आणि खोटं छापलेलं मला आवडणार नाही.

तुमची,
यशू


बुवापाडा
१७ जानेवारी २००३

चि. यशूस आशीर्वाद.

तुझं शेवटचं वाक्य वाचून वाईट वाटलं. माझी मुलगी कुठलीच नाही हे तुला कोणी सांगितलं? मी तर सांगितलेलं नाही.

दिनानाथमामा घाई करतायत, बायोडाटा टाइप करायला टाकलाय. एकच शब्द राहिलाय, कॅप्टिव्हेटिंग. तोही समजाव. पण या वेळी दुसऱ्या कुणाचं तरी उदाहरण दे. तुझ्या त्या महेंद्र सरांना उचक्या लागून लागून त्यांचं शिकवणं बंद पडेल. शाळेत बाकीची माणसं नाहीत का?

आईनं लोणचं पाठवलंय, बरणी उघडताना सांभाळ.

बाबा


जव्हार
२१ जानेवारी २००३

ती. बाबांना जय भीम.

कॅप्टिव्हेटिंग म्हणजे मन पकडून ठेवणारे. उदाहरणार्थ, पाहुण्यांचे भाषण कॅप्टिव्हेटिंग होते. आणखी काही सुचत नाही.

परीक्षा जवळ आल्या आहेत. एक तारखेला शनिवारी संध्याकाळपर्यंत पोचते. दोन्हींपैकी आईला आवडेल ती साडी नेसेन.

यशोधरा


बुवापाडा
२५ जानेवारी २००३

चि. यशूस बाबांचे खूप खूप आशीर्वाद.

कारखान्यात मशीन नीट समजलं नाही की आम्ही त्यातला एक भाग काढून ते चालवून बघायचो. तुझ्या पत्रातून मी एक माणूस काढून बघितला. पत्र बंद पडलं.

खरं सांगतो, आधी राग आला. मी एवढं स्थळ शोधतोय आणि ही पोरगी माश्यांची घरं बघत बसलीय! बदलापूरचा फ्लॅट डोळ्यांपुढून हलेना. शिक्षणसेवक म्हणजे नोकरी पक्की व्हायची बाकी, त्यात बोलणं अडखळतं, लोक काय म्हणतील तेही मनात येऊन गेलं. मग तुझी पत्रं आईपुढे टाकली. ती म्हणाली, मला पहिल्याच पत्रात कळलं होतं, तुम्हाला कधी कळतंय ते बघत होते. बाप बहिरा असेल, आंधळा कशाला होतोय, असंही म्हणाली. तेवढं मला ओठांवरून चांगलं वाचता आलं.

कॅप्टिव्हेटिंगचं उदाहरण तुला सुचलं नाही, पण माझ्याकडे आहे. एकाहत्तर साली तुझ्या आईला बघायला गेलो होतो. आमची मंडळी निघायला दोनदा उठली, मी दोनदा खाली बसलो. शेवटी वडिलांनी हाताला धरून बाहेर काढलं. आईला हे सांगितल्यापासून चहात साखर परत आलीय.

सकाळी दिनानाथमामांकडे जाऊन बदलापूरकरांना नको म्हणून कळवायला सांगितलं. मामा रागावलेत, होतील शांत. रविवार मात्र मोडायचा नाही. महेंद्र सरांना घेऊन ये. तू मला आधी का सांगितलं नाहीस हे मी विचारणार नाही. मुलीला बापाशी बोलायला डिक्शनरी लागली, यात बापाचंही काही चुकलं असणार.

हे पत्र बायोडाट्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलंय, उलटून बघ. अट्रॅक्टिव्ह अँड चार्मिंग मी खोडलंय आणि तिथली जागा मोकळी ठेवलीय. तुझ्यासाठी कुठला शब्द बरोबर, ते सरांनी ठरवावं. हा कागद परत आण. त्यांना म्हणावं, बोलायची काळजी करू नका. मुलीच्या बापाला ऐकू येत नाही, येताना फक्त पेन आणा.

वाट बघणारा,
तुझा बाबा