पहिल्या स्वल्पविरामाला तीन

अप्पा, आज मी माझ्या लेकीला दहाचे घात शिकवायला बसले आणि मधूनच उठले. डोळ्यांत काहीतरी गेलंय म्हणाले. ती बिचारी पाण्याचा तांब्या घेऊन मागं मागं आली.

डोळ्यांसमोर तेच आलं: नवनगरच्या आपल्या स्वयंपाकघरात आई भाकऱ्या थापतेय, आणि तुम्ही कोप्पीकर रोडच्या ऑफिसातून येऊन, अजून शर्टही न बदलता, माझ्यासमोर फरशीवर मांडी घालून बसलायत. मी सातवीत. दहाचा कितवा घात ते काढायला मोठ्या संख्येची शून्यं बोटानं मोजतेय, तर तुम्ही हसता. "हुच्ची, वेडी कुठली! एकेक शून्य काय मोजत बसतीस? उजवीकडनं स्वल्पविराम मोज की. पहिल्याला तीन, मग दर एकाला दोन." आयुष्यभर लाख-कोटी लिहिलेले कारकून तुम्ही. लाखाला पाच, कोटीला सात, चुटकीसरशी. मला तर जादूच वाटली. दिवसभरात तो एकच तास तुम्ही फक्त माझे असायचात. धाकट्यांनासुद्धा आई तिकडं फिरकू द्यायची नाही.

पण शाळेचं पुस्तक इंग्रजी वळणाचं. त्यात स्वल्पविराम दर तीन अंकांवर. मला ते दिसलंच नाही, मी आपली तुमची रीत लावत सुटले. ७,०००,००० चे केले सात गुणिले दहाचा पाचवा घात, म्हणजे सत्तर लाखांचे सरळ सात लाख! सगळी चाचणी तशीच. सरांनी पेपर वर धरून कन्नडमध्ये विचारलं, "मन्याग यार हेळकोडतार?" घरी कोण शिकवतं? मी ऐटीत सांगितलं, अप्पा. वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. त्यांनी तुम्हाला बोलावून घेतलं आणि शिकवणी लावा म्हणाले.

घरी येऊन तुम्ही उद्यापासून शिकवणी म्हणून सांगितलंत. मी रडले, पाय आपटले, मला तुम्हीच पाहिजे म्हणाले. "तसं नव्हं गं. माझ्यापायी तुझं नुकसान व्हायला नको," एवढंच बोललात आणि आत गेलात.

शिकवणीची वेळ नेमकी आपलीच निघाली. मी परत येईपर्यंत तुम्ही जेवून झोपलेले. त्या वर्षी फार लवकर थकायचात. का, ते संक्रांतीनंतर एका सकाळी कळलं, तुम्ही बसस्टॉपवर छाती धरून खाली बसलात तेव्हा. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

वार्षिक परीक्षेत घातांकांचं एकही उत्तर चुकलं नाही. "ह्यांनी वेळेवर शिकवणी लावली म्हणून," असं आई आजही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते आणि डोळे पुसते. मी मान हलवते. दुसरं काय करू? तिच्यासमोर तोंड उघडवत नाही. म्हणून तुम्हालाच लिहितेय, आणि हे तरी कुठं धाडणार मी? पण सांगते. मला तुमचा राग येतो, अप्पा. अजून येतो. शेवटचे चार महिने होते आपल्या हातात, आणि तुम्ही ते दुसऱ्याला देऊन टाकलेत. चुकलं असतं माझं गणित, तर चुकलं असतं.