समोरच्या खिडकीतली म्हातारी

धाकटे,

तुझा प्रांत श्रीमंत आहे, हे शाळेपासून ऐकत आलेय. देशातले निम्मे कारखाने तिकडे, मोठं बंदर तिकडे, आणि पाय ठेवायला जागा नाही इतकी माणसंही तिकडेच. तुझ्या पगाराचा मला कधी हेवा वाटला नाही. खोटं कशाला बोलू, वाटला. पण तो गिळता आला.

महिनाभरासाठी तुझ्याकडे आलेल्या आईला मी परत न्यायला आले, तेव्हा मात्र जीव जळला. माझ्या ऐसपैस घरात ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. तिला बोलतं करताना माझ्या नाकी नऊ यायचे. आणि तुझ्या सतराव्या मजल्यावरच्या खुराड्यात ती खिडकीशी बसून खदखदून हसत होती! समोरची इमारत इतकी जवळ, की तिथल्या खिडकीतली म्हातारी आणि आई एकमेकींना गुडघ्यांची दुखणी ओरडून सांगत होत्या.

मी म्हटलं, "आई, बॅग भरू ना?"

"तुझ्याकडे जागा पुष्कळ आहे गं," ती म्हणाली, "पण बोलायला माणूस कुठंय?"

मग मी कोण होते? इतकी वर्षं तिला न्हाऊमाखू घातलं मी, आणि बाजी मारली त्या परक्या बाईनं!

तू स्वयंपाकघरातून म्हणालीस, "राहू दे की ताई, तिला करमतंय इथे."

मी "बरं" म्हणाले आणि एकटीच परतले.

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. टाकलं तर तू ते आईला वाचून दाखवशील, आणि माझी कीव येऊन ती परत येईल. तशी आलेली मला नकोय. बहुतेक नकोय.

तुझी,
ताई