बाराव्या अंकातला रिकामा फुगा

सोमवार, ३

आधी तक्रार लिहून ठेवते. मला दिलेल्या खोलीत खोकायचं नाही, दार आपटायचं नाही आणि खुर्ची सरकवायची तर उचलून सरकवायची. असं काय सोनं पिकतं इथं म्हणून विचारलं, तर नात म्हणाली, आवाज. भिंतींना अंड्यांच्या ट्रेसारखा काळा स्पंज चिकटवलाय. मला आधी वाटलं, ओल लपवली असेल.

बाकी आले सुखरूप. घर चौथ्या मजल्यावर, उजेड भरपूर, गादी मऊ. गुडघ्यांनी दावा मांडलाय, एकटी राहू नकोस, असं म्हणत नातीने उचलून आणलं. बोलायला लागली की थांबत नाही म्हणून लहानपणापासून मी तिला टिटवी म्हणते. आईबापाविना राहिलेली, मला तीच एक आणि तिला मी. वही तिनेच दिली. रोज लिही म्हणजे डोकं चालू राहील म्हणे. चौथीत शाळा सोडली तेव्हापासून माझं डोकं एक दिवस बंद पडलेलं नाही, पण लिहिते. पोरीचं मन मोडवत नाही.

बुधवार, ५

टिटवीचा उद्योग कळला. जुनी कॉमिक वाचायची आणि माइकसमोर बसून त्यांवर गप्पा हाणायच्या. त्याला पॉडकास्ट म्हणतात. लोक कामंधामं करता करता ऐकतात म्हणे.

कॉमिक माझ्या मुलाची, म्हणजे तिच्या बापाची. माझ्याच पत्र्याच्या पेटीतून काढून नेली होती. बारा अंक, सगळे ‘अभेद्य’ नावाच्या वीराचे. घाईत कपडे उलटसुलट चढवावेत तशी पँटवरून चड्डी घालतो. सुरी लागत नाही, आग भाजत नाही. दर अंकाच्या शेवटच्या पानावर तो आपल्याकडे बोट रोखून विचारतो, माझं कवच कोण पेलणार? खाली बोलण्याचा रिकामा फुगा. वाचणाऱ्याने त्यात पेन्सिलीने आपलं नाव लिहायचं.

अकरा फुग्यांत माझ्या मुलाचं अक्षर आहे, कोंबडीचे पाय. बारावा कोरा. तो अंक परीक्षेच्या वेळी मीच हिसकावून पेटीच्या तळाशी घातला होता. टिटवीला हे सांगितलं नाही.

शुक्रवार, ७

आज पहिल्या अंकाचं रेकॉर्डिंग झालं. तिचा जोडीदार, तो दाढीवाला, दुसऱ्या गावात राहतो. ही आपलं बोलते, त्याच्यासाठी जागा सोडून गप्प बसते, पुन्हा बोलते. तो त्याच्या घरी त्या जागा भरतो आणि मग दोन्ही जोडतात. रिकाम्या खुर्चीशी संसार चाललाय म्हटलं.

मला हू की चू न करता बसायचं होतं. परकराची शिवण घालत बसले. शेवटी तिने तो प्रश्न वाचला आणि थांबली. कोणी काही विचारावं आणि समोरच्याने तोंडात गुळणी धरावी, हे मला जमत नाही. म्हटलं, मी पेलते बाबा, पण आधी पाठीला उशी दे. टिटवी हसून लोळायची राहिली. हे कापायचं नाही, असंच ठेवायचं म्हणाली.

शनिवार, ८

गुडघे दुखत नाहीत. दोन्ही. चार जिने उतरले, चढले, पुन्हा उतरले. टिटवी म्हणते, हवा मानवली.

मंगळवार, ११

दाढीवाल्याचा फोन होता. आजींच्या मागून ‘पेललंस’ असं कोण म्हणतं, विचारत होता. टिटवीला वाटलं त्याची थट्टा, त्याला वाटलं हिची. ते रेकॉर्डिंग मी कानाला लावून तीनदा ऐकलं. मुलाचा आवाज असेल असं मनात आलं होतं. नव्हता. ओळखीच्या कोणाचाच नव्हता. बोलण्याआधी माणूस श्वास घेतो, तो त्यात नव्हता.

गुरुवार, १३

गॅसवरचं दुधाचं पातेलं फडकं न घेता उतरवलं. टिटवी किंचाळली तेव्हा खाली बघितलं. तळव्याची कातडी पातेल्याला चिकटली होती. दुखलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी बोटापासून खांद्यापर्यंत सुई टोचली. कुठे कळतंय ते सांगा म्हणाल्या. तुम्ही थांबाल तेव्हा सांगते म्हटलं. साखर तपासली. ती ठीक आहे.

चहाला चव नव्हती. पाणीच प्यावं मग.

शनिवार, १५

मुलगा नऊ वर्षांचा असताना भिंतीवरून पडला. मोडलेला हात घेऊन घरी आला आणि अभ्यासाला बसला. माझं पोर रडत नाही, असं मी शेजारणींना मिरवून सांगायची. बायको गेली तेव्हाही डोळा ओला झाला नाही. घट्ट मनाचा, म्हणायचे. तो गेला तेव्हा डॉक्टर म्हणाले, तीन दिवस छातीत कळा येत असणार, यांनी सांगितलं कसं नाही?

अकरा वेळा नाव लिहिलं होतं त्याने.

एवढं आठवलं की मला रडू येतं. नेहमी येतं. आज वाट बघत बसले. आलं नाही.

सोमवार, १७

टिटवीचा हात सुरीने कापला. टेबलावर रक्त. मी मटार सोलत होते, सोलत राहिले. शेवटची शेंग झाल्यावर उठले, फडकं दिलं. टिटवी, आणि गप्प.

मंगळवार, १८

तिला सगळं सांगितलं. बारावा अंक मी लपवला होता तेही. म्हणाली, वयाने नसा सुकतात, मोठ्या डॉक्टरांकडे जाऊ. मधले अंक राहू देत, उद्या बारावाच घेते. फुग्यात आपलं नाव लिहून माइकवर मोठ्याने वाचणार. बाबांचं राहिलेलं पुरं करते म्हणाली.

मी नको म्हटलं. पण मीठ नको म्हणावं तसं निघालं ते तोंडातून. तिने मनावर घेतलं नाही.

नंतर अंक फाडायला हातात घेतला. कशाला, असं वाटलं. परत ठेवला.

बुधवार, १९, सकाळ

ती माइक लावतेय. पेन्सिल टोक करून ठेवलीय.

मला तिची भीती वाटते — तिच्यासाठी — अजून थोडी वाटते. काल होती त्याहून कमी. जेवणाच्या वेळेपर्यंत टिकेल असं —

वही तिच्या माइकखाली ठेवते.

टिटवे, नाव लिहू नकोस. एक फुगा उरलाय, तो भरला की त्या अभेद्यला पुन्हा कोणाला विचारायला जागा नाही. प्रश्न वाच आणि तोंड मीट. मला खुर्चीत बसव. मी म्हणेन, जाऊ दे, मला काय त्याचं. ऐकू नकोस. थोबाड धर माझं, हवं तर हाण, मला लागत नाही. ‘मी पेलते’ एवढं माझ्याकडून वदवून घे. उत्तर तू द्यायचं नाहीस, दाढीवाल्याने नाही. मी द्यायचं. मीच दि—