नवी करवत मी निवडली

महाल, नागपूर
१५ ऑक्टोबर १९७६

प्रिय गिरिधर,

मशीन घेतली. मागच्या शेडमध्ये बसवूनही झाली. तुला न विचारता घेतली, आणि ती कशी निवडली ते आज सविस्तर लिहिते आहे. सगळं वाचल्याशिवाय पत्र खाली ठेवू नकोस.

बाबा गेल्यावर ही शेड बंद पडेल असं तूच सगळ्यांत आधी म्हणाला होतास. तीन वर्षं झाली, पडली नाही. बाबांच्या वेळचे धोंडबाकाका आणि मी मिळून दारं केली, पाळणे केले, आणि यंदा शाळेच्या चाळीस बाकांचं काम आलं. बाबांची ती लाकडी टेबलावर मोटर ठोकून केलेली गोल करवत तुला आठवत असेल. पात्यावर झाकण नाही, काही नाही. चाळीस बाकांच्या फळ्या तिच्यावर चिरणं धोक्याचं होतं, म्हणून सप्टेंबरात मी गांधीबागेजवळच्या ओमप्रकाशजींच्या दुकानात गेले. बाबांच्या ओळखीचं दुकान, म्हणून तिथे.

मी गेले तर त्यांनी माझ्यामागे कोण आलंय ते पाहिलं. कोणी नव्हतं. "साहेबांले घेऊन या, बाई. मशीन काय भाजी आहे का?" असं हसत म्हणाले. साहेब म्हणजे तुझे भाऊजी. ते पोस्टात चांगले आहेत, पण खिळा ठोकायचा तर अंगठा वाचवून ठोकतात. मी म्हटलं, मलाच पाहायची आहे. मग त्यांनी एक मोठी, हिरव्या रंगाची, चकचकीत मशीन दाखवली आणि जोर किती, रंग कसा, हेच सांगत बसले. मी पिशवीतून पट्टी काढली आणि लाकूड ज्या कडेला टेकवून ढकलतात ती कड पात्यापासून किती दूर आहे ते पुढे मोजलं, मागे मोजलं. मागे ती पात्याकडे पाऊण सूत झुकलेली. म्हणजे फळी पात्यात आवळणार आणि उलटी अंगावर येणार. हे मला बाबांनी शिकवलं, गिरिधर, तुला शिकवलं तेव्हाच आणि त्याच टेबलाशी उभं करून. ओमप्रकाशजी म्हणाले, "इतकं कोण पाहते?" कोपऱ्यात एक साधी राखाडी मशीन धूळ खात होती. बिडाचं जड टेबल, कड सरळ, पात्यावर झाकण आणि पात्यामागे पोलादी पाचर, चिरलेली फळी मिटू नये म्हणून. मी ती पक्की केली. चार दिवसांनी घेऊन जाते म्हटलं, आणि घरी येऊन आनंदानं तुला पत्र लिहिलं. माझी चूक तिथे सुरू झाली.

पाचव्या दिवशी ठेला घेऊन गेले तर ओमप्रकाशजींनी गल्ल्यातून तुझं पोस्टकार्ड काढून माझ्यापुढे धरलं. गिऱ्हाइकांसमोर. "ताईला यातलं कळत नाही. मी दिवाळीत येऊन पसंत करीन, तोवर मशीन देऊ नये." तुझं अक्षर अजून किती सुबक आहे. पुण्याच्या ऑफिसात तू मशीनची चित्रं काढतोस हे मला ठाऊक आहे. पण शेवटची फळी तू कधी चिरलीस? मी रोज चिरते. मला एका ओळीनं विचारलं असतंस तरी चाललं असतं. तू दुकानदाराला विचारलंस, आणि त्यानं तुझं ऐकलं, कारण तू साडेपाचशे मैलांवर असलास तरी पुरुष आहेस. रिकामा ठेला घेऊन मी परत आले.

मी दुसऱ्या दुकानात जाऊ शकत होते. गेले नाही. भावाचा शब्द चारचौघांत मोडू नये, दिवाळी काय आलीच आहे, असं स्वतःला समजावलं. अठरा दिवस. बाकांचं काम थांबणार नव्हतं, म्हणून जुन्याच करवतीवर सुरू ठेवलं.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास धोंडबाकाका सागाची गाठाळ फळी चिरत होते. फळी आवळली आणि मागे उसळली. त्यांचा उजवा हात पात्यावर ओढला गेला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. मी माझ्या पदरात हात गुंडाळून त्यांना रिक्षानं दवाखान्यात नेलं. काकांच्या घरून भीमाबाई आल्या. रडल्या नाहीत. मला एवढंच म्हणाल्या, "नवी मशीन येऊन राहिली होती ना वं ताई?"

दवाखान्यातून तशीच दुकानात गेले, रक्ताच्या लुगड्यानं. ओमप्रकाशजींनी या वेळी साहेबांचं नाव काढलं नाही. स्वतः ठेल्यावर मशीन चढवून दिली.

काका स्वतःलाच दोष देतात. "माहीच नजर कमी झाली. काहून घाई केली कोण जाणे," म्हणतात. आणि तुला कळवायचं नाही म्हणतात. "गिरिधरले लिहू नको वं, त्याच्या जिवाले लागन." तुझ्या तळहातातली कुसळं ज्यांनी वर्षानुवर्षं सुईनं काढली, ते असं म्हणणारच. गुरुवारी त्यांचे टाके निघतात. तू दिवाळीला येणारच आहेस, तर बुधवारपर्यंत ये. मशीन पसंत करायला येऊ नकोस, ते झालं आहे. त्यांच्या खाटेशी बस. मशीन ठरवूनही मी अठरा दिवस थांबले, हे मी त्यांना काल सांगितलं. का थांबले, ते सांगितलेलं नाही. ते तू सांगायचं आहेस.

रागावलेली, तरी तुझीच,
सत्यवतीताई