चालण्याची शर्यत

हिंगणघाट,
१९ मार्च १९५१

प्रिय शमू,

दिल्लीहून परतले तर तुझे पत्र आलेले. धर्मशिक्षण सोडून इथल्या गिरणीत लागायचे म्हणतोस. वर्गातली मुले प्रार्थनेत रडतात, त्यांचे चेहरे उजळतात आणि तू कोरडाच. असला माणूस चर्चचा पाळक होऊन काय कामाचा, असे विचारतोस. बाबांना अजून कळवले नाहीस, ते बरे केलेस. ते चर्चमध्ये ईस्टरच्या तयारीत आहेत. खोकला कमी आहे.

आधी दिल्लीचे ऐक. शाळेच्या मुलींना घेऊन आशियाई खेळ पाहायला गेले होते. सोबतीला आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकीण मंदाबाई. धावणे पाहिले, उड्या पाहिल्या. मनात राहिली ती चालण्याची शर्यत. थोराड पुरुष कमरा हलवत भराभर चालत होते. मुलींना हसू आवरेना. मंदाबाई तर उभ्याच राहिल्या, “बाई, येवढी घाई हाये तं धावून काऊन नाई राह्यला हा?” मी म्हटले, धावलेले चालत नाही, एक पाय सतत जमिनीवर लागतो. “मंग घरीच काऊन नाई बसला!”

पंच वाकून फक्त पाय बघत होते. एकाचे तोंड वेदनेने वाकडे झाले होते. त्याला कोणी काही म्हटले नाही. त्याच्या पुढचा हसतमुख होता. त्याचे दोन्ही पाय एकदम उचलले जाऊ लागले, तेव्हा त्याला बाहेर काढले.

मला बाबांचे प्रवचन आठवले. बायबलातला संदेष्टा सांगतो, देवाची वाट पाहणारे आधी गरुडासारखे उडतील, मग धावतील, शेवटी चालतील. क्रम उलटा आहे, असे आपण म्हणायचो. बाबा म्हणायचे, चढताच आहे रे पोरांनो, चालणेच सगळ्यांत अवघड, मोठे व्हा म्हणजे कळेल. मला ते कळायला दिल्लीच्या मैदानाच्या पायऱ्यांवर उन्हात बसावे लागले. देवही चेहरा बघत नसावा, शमू.

आता जे तुला कधी सांगितले नाही ते. आई गेल्यापासून प्रार्थनेत मला काहीच जाणवत नाही. काल, ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी, मुलींकडून गीत म्हणवून घेतले, पेटी वाजवली, बाबांचे डोळे पाणावलेले पाहिले. आत काही हलले नाही. तरी उद्या सकाळी प्रार्थनेसाठी चर्चचे देऊळ उघडायला मीच जाणार. असा माणूस घरात तू एकटाच, असे तू लिहिलेस, म्हणून हे पत्र. शुभ शुक्रवारच्या आत ये. गिरणीचे तू ठरव, मी अडवणार नाही. पण बाबांना सांगायचेच झाले, तर दोघांचे एकदम सांगू.

तुझीच,
एस्तेरताई