राजाचं ठरलं, माझं राहिलं

लेस्टर,
२६ मे २०१४

प्रिय क्लिफ,

निकाल तू वाचलाच असशील. शुक्रवारी कोर्टानं सांगून टाकलं की राजा रिचर्डची हाडं लेस्टरलाच पुरायची. त्याचे ते दूरदूरचे नातेवाईक यॉर्कसाठी एवढे भांडले, पण हात हलवत परत गेले. तू तिथे यॉर्कशायरात रेडिओ बंद करून मेंढ्यांकडे निघून गेला असशील आणि वाटेत भेटेल त्याला ऐकवलं असशील, की या दक्षिणेकडच्या लोकांना मेलेला माणूससुद्धा सोडवत नाही. मी इथे असल्यामुळे मला असं काही बोलता येत नाही. इथे लोकांनी खिडक्यांत झेंडे लावलेत. पाचशेहून जास्त वर्षं तो या गावाच्या मातीखाली पडून होता, त्यातली शेवटची कित्येक वर्षं नगरपालिकेच्या वाहनतळावरच्या मोटारी डोक्यावर घेऊन, तेव्हा एकालाही त्याची आठवण आली नव्हती. आता मात्र तो जन्मापासून यांचाच.

तुझ्या मेव्हण्याचं, डेसचं तर विचारू नकोस. मोज्यांचा कारखाना बंद पडल्यापासून हा माणूस खुर्चीत बसून वाळत चालला होता. राजा सापडला आणि तो उठून उभा राहिला. राजाच्या प्रदर्शनात तो आठवड्यातून तीन दिवस फुकट काम करतो, शाळेच्या पोरांना राजाचा वाकडा कणा समजावून सांगतो आणि घरी आला की तेच मला सांगतो. इथे सगळ्यांना 'बदक' म्हणून हाक मारतात हे तुला माहीत आहेच. "काय गं बदके, आज दोनशे माणसं आली," असं दारातूनच ओरडतो. मला त्याचा आनंद बघून बरं वाटतं, खोटं कशाला सांगू. डेस वाईट माणूस असता तर हे पत्र मी वीस वर्षांपूर्वीच लिहिलं असतं. त्यानं कधी आवाज चढवला नाही, दारू नाही, काही नाही. फक्त सेहेचाळीस वर्षं तो 'आम्ही' असं म्हणत आलाय. आम्हाला कांदा सोसत नाही. आम्हाला समुद्र आवडत नाही. आम्ही काही उत्तरेकडे परत जाणार नाही, तिथे थंडी फार. मला कांदा चांगला सोसतो, क्लिफ. तो प्रदर्शनात गेला की मी तळून खाते आणि खिडक्या उघडून ठेवते.

आता मार्चमध्ये काय झालं ते सांगते, तुला फोनवर सांगवलं नाही. मातृदिनाच्या रविवारी आम्ही दरवर्षी त्याच्या आईच्या कबरीवर डॅफोडिल घेऊन जातो. ती कबर तिघांसाठी घेतलेली आहे. सगळ्यात खाली सासूबाई, त्या अठ्ठ्याण्णवपासून आहेत. त्यांच्यावर आमच्यापैकी जो आधी जाईल तो, आणि सगळ्यात वर उरलेला. हे मला ठाऊक होतं, पण माणूस अशा गोष्टींचा विचार करत नाही. त्या दिवशी डेसनं मला फाटकापासून डोळे मिटायला लावले आणि हाताला धरून नेलं. डोळे उघडले तर दगडावर सासूबाईंच्या नावाखाली डेसचं नाव, आणि त्याखाली 'एनिड पोचिन, १९४६', पुढे एक आडवी रेघ आणि मोकळी जागा. अक्षरं नवी, सोनेरी. डेस म्हणाला, "राजानं लिहून ठेवलं नाही म्हणून बघ काय घोळ झाला. आपण नाही हं घोळ ठेवायचा मागे." त्याला वाटलं मला आवडेल. तो माझ्या तोंडाकडे असा बघत होता, की मी म्हटलं, "किती छान कोरलंय." आणि तिथेच माझी चूक झाली, कारण त्यानंतर 'मला इथे पुरू नका' हे म्हणायला जागाच उरली नाही. हयात असताना सासूबाईंनी मला कधी स्वयंपाकघरात त्यांच्यापुढे उभं राहू दिलं नाही, आणि आता जगबुडीपर्यंत मी त्यांच्या डोक्यावर. त्यांनाही ते आवडणार नाही.

तेव्हापासून मला त्या कबरस्तानाच्या वाटेनं जाववत नाही. बस तिकडून वळते म्हणून मी बाजाराला चालत जाते आणि डेसला सांगते, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. तो तेही अभिमानानं सगळ्यांना सांगतो. "आम्ही हल्ली चालतो."

शुक्रवारी निकाल लागला तेव्हा चर्चच्या सभागृहात चहा ठेवला होता. डुकराचं मांस भरलेली पेस्ट्री, लाल चीज, आणि कुणीतरी केकवर राजाच्या निशाणावरचं रानडुक्कर काढून आणलेलं, ते मांजरासारखं दिसत होतं. बातमी आली तशी सगळी माणसं उठून टाळ्या वाजवायला लागली. आणि क्लिफ, मला रडू फुटलं. टेबलाला धरून उभी राहिले आणि रडले, आवाज करून. डेसनं माझ्या खांद्याभोवती हात टाकला आणि सगळ्यांना म्हणाला, "बघा, माझी यॉर्कशायरची बाई. सेहेचाळीस वर्षं लागली, पण शेवटी आमची झाली एकदाची." सगळे हसले. शेजारची पॉलीन म्हणाली, "आता तर राजाही तुमचा नाही राहिला, एनिड, तुम्ही एकट्याच कशाला परक्या राहताय?" मी केकचा तुकडा खाल्ला.

कोर्टाच्या निमित्तानं मी ऐकलं, की हाडं सापडली तर ती जवळच्याच पवित्र जमिनीत पुरायची, अशी खोदकामवाल्यांची रीतच आहे. रीत चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. हाडांना उगीच कशाला गावोगाव फिरवायचं. पण माझंही तेच व्हायचं आहे. मीही इथेच सापडणार, मग जवळची जमीन कोणती, तर पोचिनांची. राजाला काय हवं होतं ते निदान लोक विचारत तरी होते. बाबा आपल्याला मिडलहॅमच्या पडक्या किल्ल्यात घेऊन जायचे आणि म्हणायचे, हा माणूस इथला, आपल्या डेलचा, या खोऱ्यातला, लंडनवाले काय वाटेल ते म्हणोत. तू भिंतीवर चढायचास आणि मी खाली सँडविचं धरून उभी असायचे. तुझ्या जॉयसच्या अंत्ययात्रेला आले होते ना, त्या वेळी यॉर्कच्या बाजारात एक बाई सह्या गोळा करत होती, राजाला उत्तरेत आणा म्हणून. मी सही केली. लग्नाआधीच्या नावानं, एनिड मेटकाफ, पत्ता तुझा. चोरी केल्यासारखं पेन घाईनं परत दिलं. गाडीत बसल्यावर मला कळलं की मला राजाचं फारसं काही पडलेलं नव्हतं. त्या दिवशी तू म्हणालास, दोन दिवस राहा, घर फार शांत झालंय. आणि मी म्हटलं, डेसच्या जेवणाचं काय होईल. तुझा चेहरा मला अजून दिसतो. तुझी बायको गेली होती आणि मी दुसऱ्याच्या बटाट्यांची काळजी करत होते.

काल मात्र मी एक गोष्ट केली. डेस प्रदर्शनात गेल्यावर आपल्या गावच्या, थॉर्नरिगच्या पाद्रीणबाईंना फोन केला. आईशेजारी जागा आहे का, एवढंच विचारायचं होतं. मनात म्हटलं, जागा मिळाली की डेसला लेखी दाखवीन, मग दगडावरच्या अक्षरांचं त्याचं तो बघेल. पाद्रीणबाई भल्या वाटल्या, पण स्पष्ट बोलल्या. "चर्चच्या आवारात फार थोड्या जागा उरल्यात, बाई. गावात राहणाऱ्याचा हक्क आधी. गावात मरेल त्याचाही. बाहेरच्यांचं मी आश्वासन देऊ शकत नाही, मग ते इथे जन्मलेले का असेनात." मी म्हटलं, म्हणजे माझी आई तिथे, बाप तिथे, आणि मी बाहेरची. त्या म्हणाल्या, "तसंच आहे, वाईट वाटतं मला." मी फोन ठेवायला निघाले तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "पण तुम्ही इथे राहायलाच का येत नाही?"

मी आभार मानले. फोन ठेवला. पायऱ्यांवर बसून राहिले, डेसची यायची वेळ झाली, बटाटे सोलायचे राहिले. सेहेचाळीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. बघ ना, मार्चपासून मी रात्रंदिवस झुरतेय, मेल्यावर कुठे पडायचं म्हणून. अडुसष्ट वर्षांची धडधाकट बाई, बाजाराला चालत जाते, आणि हिला काय मागावंसं वाटलं, तर सहा फूट खड्डा.

डेस आला तेव्हा मी त्याला सांगितलं नाही. तो निकालाचं इतकं भरभरून बोलत होता की मला त्याची दया आली, आणि ही दयाच मला इतकी वर्षं धरून ठेवत आलीय हेही मला कळलं. त्याला दुखेल. तो ओरडणार नाही, नुसता म्हणेल, "पण आम्ही तर इथे सुखात आहोत." ते मला ऐकावं लागेल. त्यालाही चल म्हणेन, मनापासून म्हणेन, पण राजाला सोडून तो यायचा नाही.

तर क्लिफ, हे पत्र कबरीसाठी नाही. ती मागची खोली, आईचं शिवणयंत्र ठेवलेली, ती मला दे. मी स्वयंपाक करीन, तुझ्या गुडघ्यांना तेल लावीन, आणि तुझ्याशी भांडेन, कारण तुझ्याशी भांडायला कुणी राहिलेलं नाही. मला उत्तरेत पुरून घ्यायचं नाही, मला तिथे राहायचं आहे. डेसला मी रविवारी सांगणार आहे. तुझं उत्तर 'ये' असलं तर सांगेन, आणि 'नको' असलं तरी सांगेन. पण 'ये' असलं तर लवकर लिही.

तुझीच,
एनिड