येसाजीची गाठ आणि घारकड्याखालची गार बिअर

लिहून ठेवणार : गणू बाबाजी पार्टे, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा शेती व खानावळ, राहणार कातळवाडी, मौजे वरंध, तालुका महाड, जिल्हा रायगड.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कुणाच्या दडपणाखाली न येता, डोके ठिकाणावर असताना लिहून ठेवत आहे. पंचक्रोशीत माझी ओळख ‘बिअरवाले पार्टे’ अशी असल्यामुळे पुढे कुणी शंका काढू नये म्हणून नमूद करतो की, आज सकाळपासून चहाखेरीज काहीही माझ्या पोटात गेलेले नाही. महाडचे डॉ. हर्षद यांनी माझे तोंड हुंगून तसा दाखला दिला आहे. तो सोबत जोडला आहे.

मृत्युपत्र करण्याचे कारण असे. गणपती उठले आणि माझे डोळे पिवळे झाले. तपासायच्या आधीच वाडीने निदान करून टाकले की पार्ट्यांचे यकृत बिअरने खाल्ले. माझी बायको तुळसा हिने तर रडून घेतले आणि मग रागावूनही घेतले. मुंबईच्या दवाखान्यात पोट तपासले तेव्हा पित्ताचा खडा निघाला. तो काढला, डबीत घालून माझ्या हातात दिला, आणि डॉक्टर म्हणाले की यकृत उत्तम आहे. हे वाक्य मी त्यांच्याकडून कागदावर लिहून घेतले व खानावळीत सर्वांना दिसेल असे लावले. मी सुटलो. इतके हलके मला गेल्या कित्येक वर्षांत वाटले नव्हते.

परंतु ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पलंगावर पडल्या पडल्या एक गोष्ट ध्यानात आली. मला मरायची फारशी भीती वाटत नव्हती. एक गोष्ट न सांगता मरायची भीती वाटत होती. ती कलम ६ मध्ये लिहिली आहे. वाचणाऱ्याने मधली कलमे सोडून तिकडे उडी मारू नये. मी चोवीस वर्षे थांबलो, त्याने दोन पाने थांबावे.

कलम १. कातळवाडीतील राहते घर, परसातील दोन फणस व चिकूसह, तुळसा हिला. तिच्या पश्चात आमची मुलगी राजश्री हिला. घर स्वकष्टाचे आहे. मागच्या पडवीचा पत्रा मी तिरका टाकला आहे असे तुळसा पंधरा वर्षे म्हणते आहे. तो तिरका आहे हे मी येथे कबूल करतो.

कलम २. बँकेत जे काही असेल ते तुळसाचे. त्यावर कुणी बोलू नये.

कलम ३. घारकड्याच्या पायथ्याची खानावळ राजश्री व जावई यांनी चालवावी. नालासोपारा सोडून येणार असतील तर चालवावी, नाहीतर तुळसा सांगेल त्याला द्यावी. मात्र खालील दोन गोष्टी बदलू नयेत.

पहिली : येथे बिअर विकायची नाही. मी कधीही विकलेली नाही. कडा चढणारी मंडळी आपापली बाटली महाडहून घेऊन येतात, आपण फक्त फ्रीजमध्ये ठेवून देतो आणि संध्याकाळी भाकरी व सुक्या बोंबलाबरोबर समोर ठेवतो. पोलिसांनी तीनदा विचारले, तीनदा हेच सांगितले, कारण ते खरे आहे.

दुसरी : आधी दोर, मग बाटली. वर गेलेला शेवटचा माणूस जमिनीवर उतरून दोर गुंडाळला जाईपर्यंत फ्रीजचे दार उघडायचे नाही. मंत्र्याचा मुलगा आला तरी नाही. हा नियम घारकड्यावर मुंबईची मंडळी पहिल्यांदा आली तेव्हापासूनचा आहे. मी आणि वरच्या धनगरवाड्यातला येसाजी आखाडे त्यांच्या पिशव्या वाहायला गेलो आणि दोराला लटकूनच परत आलो. त्या दिवशी त्यांनी आम्हांला बिअर पाजली. कोमट होती. येसाजीने एक घोट घेतला आणि म्हणाला, “ह्याच्यापरीस माझ्या म्हशीला दिलेला काढा बरा हाय.” पुढच्या खेपेला त्यानेच दोन मागितल्या.

कलम ४. माझी निळी वही महाडच्या सेजल हिला. ही मुलगी चवदार तळ्याजवळ राहते, शाळेत शिकवते आणि आजघडीला घारकड्यावर तिच्याइतके स्वच्छ कुणी चढत नाही. दोर, कमरेला बांधायचा पट्टा म्हणजे हार्नेस, हातोडा व कड्यात ठोकायचे खिळेही तिलाच. परंतु दोर जुना आहे, त्याने फक्त गवताचे भारे बांधावेत.

वहीत कोणत्या चढणाऱ्याला कोणती बिअर आवडते ते लिहिले आहे. लोक हसतात, पण माणूस कड्यावर कसा वागेल हे मला त्याच्या बाटलीवरून बरेचसे कळते. भेगेत मुठी कोंबून चढणाऱ्यांना स्ट्राँगच लागते. त्यांची बोटे इतकी सोललेली असतात की बूच आपणच काढून द्यावे लागते. गुळगुळीत कातळावर नुसत्या बुटांच्या टोकांवर उभे राहणारे माइल्ड पितात, तीही सावकाश, प्रत्येक घोट तपासून. पुण्याची मंडळी गव्हाची बिअर आणतात, संत्र्याची फोड मागतात आणि काचेचा ग्लास नसेल तर तोंड वाकडे करतात. मात्र दोराची तपासणी दोनदा करतात ती तेच, म्हणून मी त्यांना माफ केले आहे. कंप्युटरवाली नवी मुले बिनदारूची बिअर पितात. त्यांच्याबद्दल माझे मत अजून बनलेले नाही. सेजल अर्धी पिते व उरलेली शेजारच्याला देते. अर्ध्या वाटेवर अडकलेल्यालाही ती असाच हात देते. म्हणून वही तिला.

वहीत माझ्या नावापुढे ‘कोमट’ असे लिहिले आहे. पार्टेकाकांना कोमटच आवडते, अशी सर्वांची समजूत आहे. तिचा खुलासा कलम ६ मध्ये येईल.

कलम ५. पुण्याचे दीपेश यांना बिअरचे एक्केचाळीस रिकामे डबे. हे डबे त्यांनी तीन हिवाळ्यांत कड्याच्या पायथ्याशी टाकले, मी गोळा केले, धुतले व पोत्यात बांधून ठेवले. ते त्यांच्या राहत्या पत्त्यावर पोचवावेत. पाठवणीचा खर्च त्यांच्याकडूनच घ्यावा.

कलम ६. आता जे लिहितो ते माझ्या पश्चात कातळवाडीच्या देवळासमोर, सर्व वाडी व धनगरवाडा जमला असताना मोठ्याने वाचावे.

सन २००१, डिसेंबर महिना. मुंबईचे चौघे आले होते. येसाजी शेवटी वर राहिला होता, सामान उतरवून दोरावरून खाली यायचे काम त्याचे. सकाळी दोर त्यानेच लावला आणि दोराच्या खालच्या टोकाला गाठ मारली. दोरावरून घसरत येणारा माणूस टोकापलीकडे निघून जाऊ नये म्हणून ही गाठ असते. तिच्याविना येसाजीने कधी दोर सोडला नाही.

मी खाली होतो. तेव्हा फ्रीज नव्हता, ऊन होते आणि बाटल्या तापल्या होत्या. मला वाटले, मंडळी उतरेपर्यंत पायथ्याच्या कोंडाच्या, म्हणजे डोहाच्या, पाण्यात बुडवून गार कराव्या. पोते होते, सुतळी नव्हती. दोराचे टोक कोंडाशेजारी लोळत पडले होते. मी गाठ सोडली, त्या टोकाला पोते बांधले आणि पाण्यात सोडले. तासाभराने पोते काढून घेतले, बाटल्या सावलीत मांडल्या. गाठ परत मारायची राहून गेली. बाटल्या किती छान गार झाल्या, एवढेच माझ्या डोक्यात होते.

नंतर वरच्या चौघांनी दोर एका झाडाला वळसा घालायला थोडा वर ओढला आणि ते मागच्या पायवाटेने खाली आले. टोक जमिनीवरून उठले आणि दोन पुरुष उंचीवर लोंबू लागले. येसाजी उतरला, ऊन डोळ्यांत, खाली गाठ आहे या भरवशावर. टोक त्याच्या हातातून निघून गेले आणि तो धोंड्यांवर पडला. उजवा खुबा मोडला. जीव वाचला.

तो तिथेच पडलेला असताना मुंबईवाल्यांनी विचारले की टोकाला गाठ कशी नाही. येसाजी म्हणाला, “मारली व्हती मी… मारली व्हती ना? का नाय मारली?” आणि माझ्याकडे पाहिले. मी पोत्याकडे पाहिले. मी काहीही बोललो नाही.

तेवढेच. मी खोटे बोललो नाही, नुसता गप्प बसलो. ते खोट्याहून वाईट ठरले. वाडीने त्याला ‘बिनगाठीचा येसाजी’ म्हटले. कुणी त्याला पुन्हा दोरावर घेतले नाही. लंगडेपणा त्याने मनाला लावून घेतला नाही, पण स्वतःच्या हातांवरचा त्याचा विश्वास उडाला. म्हैस बांधली की तो तीनदा मागे फिरून दावे ओढून पाहायचा. नातीचा पाळणा टांगायला त्याने शेजाऱ्याला बोलावले. मी त्या बारशाला गेलो होतो, पेढा खाल्ला, आणि तेव्हाही गप्प बसलो. त्या डिसेंबरनंतर मी गार बिअर प्यायलो नाही. कोमट प्यायलो म्हणजे आपण शिक्षा भोगली, असे मला वाटत असे. किती स्वस्तातली शिक्षा होती ती.

येसाजी धोंडू आखाडे याचा यात काडीचाही दोष नाही. गाठ त्याने मारली होती, मी सोडली. घारकड्याखालचे माझे पाच गुंठ्यांचे खाचर त्याला द्यावे.

पुरवणी, सहीपूर्वी जोडलेली. कलम ६ मी वकील अनुपमाताईंकडे महाडला नेले. त्यांनी ते वाचले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “काका, हे मृत्युपत्रात कशाला? येसाजीकाका तुमच्यापेक्षा चार वर्षांनी मोठे. ते आधी गेले तर हे कुणासाठी वाचायचं? आणि तुम्ही आधी गेलात, तर ते भांडणार कुणाशी?” मेल्यावर खरे बोलण्याची युक्ती मी काढली होती, ती त्यांनी तीन प्रश्नांत मोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धनगरवाड्यावर चढून गेलो. येसाजी गोठ्यासमोर म्हैस बांधत होता. मी उभ्याउभ्या सगळे सांगितले. त्याच्या हातात दावे तसेच राहिले.

“म्हंजे मी मारली व्हती?”

“मारली होतीस.”

“नक्की?”

“नक्की. इतकी घट्ट होती की सोडायला मला दात लावायला लागले.”

त्याने दाव्याला एक हिसका दिला. मग ओरडला, “मग इतकी वर्सं तोंडात काय भात व्हता तुझ्या? मी राती उठून, गणू, हवेत गाठी मारून बघायचो रे! माझ्या हातांना मी काय काय बोललो!” त्याने म्हशीला खुंट्याला बांधले, एकदाच, आणि मागे न बघता घरात गेला. थोड्या वेळाने त्याची बायको साळूबाई बाहेर आली आणि म्हणाली, “त्ये म्हनतात, आज जावा.”

मी उतरलो. तो बोलेल की नाही हे ठाऊक नव्हते, तरी उतरताना गुडघे दुखले नाहीत. घरी येऊन तुळसाला सांगितले. ती म्हणाली, “अवो, मला वाटलं व्हतं काय तरी हाय, पन बाई आसंल असं वाटलं व्हतं.” आम्ही दोघेही हसलो, मग ती रडली, मग मी.

चौथ्या दिवशी येसाजी काठी टेकत खानावळीत आला. अनुपमाताई कागद घेऊन बसल्या होत्या. त्याने विचारले, “ह्या कागदाला साक्षीदार कोन?”

मी म्हणालो, “डॉक्टर आहेत. दुसरा ठरायचा आहे.”

“मी व्हतो.”

अनुपमाताईंनी समजावले की ज्याला मृत्युपत्रात काही मिळते, त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर पुढे त्यावरून वाद उभा राहतो. सही करायची तर खाचर सोडावे लागेल. पाच गुंठे, बारमाही पाण्याजवळचे.

येसाजी म्हणाला, “खाचर ऱ्हाऊ द्या. त्ये हा मेल्यावर भेटनार. सही आज करता येते. त्या कागदावर माझ्या हाताचं लिवलेलं पायजे.” मग माझ्याकडे वळून, “माफ-बिफ काय केलं नाय हां मी तुला. त्ये बघू पुढं.”

सबब कलम ६ मधील खाचराची तरतूद त्याच्या मर्जीने रद्द. खाचर तुळसाला. देवळासमोर वाचण्याची तरतूदही रद्द, कारण काल मी स्वतःच ते वाचले. सगळी वाडी एकदम माझ्यावर तुटून पडली, ते योग्यच झाले. आज सकाळी येसाजीच्या सुनेने निरोप पाठवला की दारात आंब्याचे नवे तोरण त्याने स्वतः बांधले.

फ्रीजमध्ये दोन बाटल्या ठेवल्या आहेत, त्याची स्ट्राँग आणि माझी कोणतीही, पण गार. सह्या होईपर्यंत दार उघडायचे नाही, असे अनुपमाताईंनी बजावले आहे. तेव्हा लांबण न लावता सही करतो. आता पाठीवर काही राहिले नाही.

ठिकाण : कातळवाडी, मौजे वरंध, तालुका महाड. दिनांक १४ डिसेंबर २०२५.

सही : गणू बाबाजी पार्टे

साक्षीदार : डॉ. हर्षद साळवी, महाड. गणू पार्टे यांनी पूर्ण शुद्धीत, माझ्यासमक्ष सही केली. खडा निघालेला आहे, प्रकृती उत्तम आहे.

साक्षीदार : येसाजी धोंडू आखाडे, धनगरवाडा, वय सदुसष्ट. गणूने माझ्या डोळ्यांदेखत सही केली. त्या दिवशी गाठ मी मारली व्हती. चांगली मारली व्हती.